वाचकांचे प्रश्न : १९३६ साली हिंदी साहित्यात नेमके काय घडले?

प्रश्न : माझी मुलगी हिंदी विषय घेऊन एम. ए. करत आहे. तिच्या पुस्तकात ‘१९३६ मध्ये छायावाद संपला आणि प्रगतिवाद सुरू झाला’ असे वाक्य आहे. आर्थिक वर्ष संपावे तसे साहित्यातले युग एका सालात संपते का? त्या साली असे काय घडले होते? (एक वाचक, अकोला)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. छायावाद म्हणजे हिंदीतला कल्पनाप्रधान, आत्मपर कवितेचा प्रवाह, आणि प्रगतिवाद म्हणजे शोषितांच्या जगण्याकडे वळलेला, मार्क्सवादी विचारांचा प्रवाह. ते वाक्य परीक्षेपुरते सोयीचे असले तरी त्या सालावर अन्याय करणारे आहे. १९३६ हे हिंदी साहित्यातले फार मोठे साल आहे यात वाद नाही; परंतु त्याचे मोठेपण एक प्रवाह थांबून दुसरा सुरू झाला यात नसून दोन्ही प्रवाह एकाच वेळी, आणि काही अंशी एकाच शहरात, भरून वाहत होते यात आहे.

पुस्तकांना हे साल प्रामुख्याने आठवते ते एप्रिलमध्ये लखनौला भरलेल्या प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अखिल भारतीय अधिवेशनामुळे. लंडनमध्ये असलेल्या सज्जाद जहीर, मुल्कराज आनंद आणि त्यांच्या मित्रांनी संघाचा जाहीरनामा तयार केला होता, आणि कथा-कादंबरीकार प्रेमचंदांनी तो आदल्या वर्षीच आपल्या ‘हंस’ मासिकात छापला होता. अधिवेशनाचे अध्यक्षही तेच होते. त्यांच्या भाषणातले ‘आपल्याला सौंदर्याची कसोटी बदलावी लागेल’ हे वाक्य सगळीकडे उद्धृत होते. त्यामागचा विचार असा की, सौंदर्य केवळ नटलेल्या, सुखवस्तू स्त्रीच्या रूपात शोधण्याची सवय लागलेल्या लेखकाला, मुलाला शेताच्या बांधावर निजवून घाम गाळणाऱ्या बाईत ते दिसत नाही. आणि हा दोष त्या बाईचा नसून पाहणाऱ्या दृष्टीचा आहे. याच भाषणात त्यांनी संघाच्या नावालाही हरकत घेतली होती, कारण लेखक स्वभावतःच प्रगतिशील असतो, तसा तो नसेल तर बहुधा लेखकच नसतो, असे त्यांचे मत होते. ज्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवायचे, तिच्या नावातली उणीव पहिल्याच दिवशी व्यासपीठावरून सांगणारा हा माणूस कोणत्याही वादाचा झेंडा खांद्यावर घेणारा नव्हता, हे मुलीला आवर्जून सांगा.

त्याच महिन्यात ‘कफन’ ही त्यांची कथा हिंदीत प्रसिद्ध झाली. उर्दूत ती काही महिने आधी येऊन गेली होती. घरात सून बाळंतवेणांनी तळमळत असताना बाहेर शेकोटीत बटाटे भाजत बसलेले बाप-लेक, घीसू आणि माधव, यांच्यावर लेखक दया दाखवत नाही आणि त्यांना दूषणही देत नाही. त्याच वर्षी त्यांची ‘गोदान’ ही कादंबरी आली. होरी या अवधमधल्या लहान शेतकऱ्याची दारात एक गाय असावी एवढीच इच्छा आहे. गाय येते, आणि त्याचा सख्खा भाऊ हीरा तिला विष घालतो. पुढे कर्जाच्या गाळात रुतत गेलेला होरी रस्त्यासाठी खडी खणण्याच्या मजुरीला जातो आणि उन्हाच्या झळांनी कोसळतो. तो अखेरचा श्वास घेत असताना ‘वहिनी, मन घट्ट कर, गोदान करव’ असे रडत सांगणारा माणूस हीराच आहे. धनिया उठते, त्या दिवशी विकलेल्या सुतळीचे वीस आणे आणते, नवऱ्याच्या गार पडलेल्या हातावर ठेवते आणि समोरच्या ब्राह्मणाला सांगते की घरात गाय नाही, कालवड नाही, पैसा नाही. हेच त्यांचे गोदान. वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. आपल्याकडेही दक्षिणेचा सव्वा रुपया म्हणजे काय हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. लखनौच्या भाषणात जी कसोटी मागितली, ती त्या वीस आण्यांत उतरलेली आहे, आणि म्हणून मला त्या भाषणापेक्षा हे शेवटचे पान अधिक मोलाचे वाटते.

हे सारे लिहिणारा माणूस तेव्हा खचत चालला होता. मुंबईत चित्रपटासाठी लिहिण्याचा प्रयोग सोडून ते १९३५ मध्ये बनारसला परतले होते. लखनौनंतर थोड्याच दिवसांनी नागपूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषदेचे अधिवेशन भरले, तिथेही ते हजर होते. परिषदेची भाषा ‘हिंदी-हिंदुस्तानी’ म्हणावी या ठरावावरून उर्दूचे पुरस्कर्ते मौलवी अब्दुल हक दुखावले गेले. आयुष्यभर दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्या प्रेमचंदांच्या डोळ्यांदेखत ही फूट पडली. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, बनारसमध्ये त्यांचे निधन झाले. ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी अपुरीच राहिली.

आता जो छायावाद संपला म्हणतात, त्याच्याकडे पाहू. त्याच बनारसमध्ये राहणाऱ्या जयशंकर प्रसादांचे ‘कामायनी’ हे महाकाव्य याच सुमारास पूर्ण होऊन प्रसिद्ध झाले. प्रलयानंतर एकटा उरलेला मनू, श्रद्धा आणि इडा यांची ती पंधरा सर्गांची कथा छायावादाचे शिखर मानली जाते. आणि प्रेमचंदांच्या निधनानंतर जेमतेम दोन आठवड्यांत छायावादाचेच दुसरे मोठे कवी निराला यांनी ‘राम की शक्तिपूजा’ ही दीर्घकविता पूर्ण केली. तिच्यातला राम युद्धात खचलेला आहे. ‘अन्याय जिधर, हैं उधर शक्ति’ असे तो डोळ्यांत पाणी आणून म्हणतो. पूजेच्या अखेरीस १०८ कमळांतले एक नाहीसे होते, तेव्हा आई आपल्याला राजीवनयन म्हणत असे हे आठवून तो स्वतःचा डोळा अर्पण करायला बाण उचलतो. शैली संस्कृतप्रचुर, कथा पुराणातली. पण शक्ती अन्यायाच्या बाजूने का उभी राहते हा रामाचा प्रश्न आणि होरीच्या आयुष्याने विचारलेला प्रश्न यांत अंतर किती आहे? या कवितेला ‘संपलेल्या’ युगात ढकलायचे, तर त्या प्रश्नाचे काय करायचे?

सीमारेषेचा हा सोपेपणा पुढे ज्याने मोडला, तो मराठी घरातला हिंदी कवी होता. गजानन माधव मुक्तिबोध १९३६ मध्ये विद्यार्थिदशेत होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, स्वतः गजानन माधव हिंदीत. मार्क्सवादी असूनही त्यांनी ‘कामायनी’ बाजूला टाकली नाही; वर्षानुवर्षे तिच्याशी झुंज घेतली आणि ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हा ग्रंथ लिहिला. मनूमध्ये त्यांना पुराणपुरुष दिसला नाही, स्वतःच्याच काळातला आत्मकेंद्री माणूस दिसला.

मुलीला सुरुवात ‘कफन’पासून करायला सांगा, ती अर्ध्या तासात वाचून होते. मग ‘राम की शक्तिपूजा’ मोठ्याने वाचावी, कोश हाताशी ठेवून. ‘गोदान’ला सुटी लागेल, आणि ‘कामायनी’ मुक्तिबोधांच्या पुस्तकासोबतच उघडावी.