पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) आणि चिखलात एमटीबीला (माउंटन बाइकला) कोणते टायर घ्यावेत?
एकच जोडी घ्यायची तर 2.3 ते 2.4 इंच रुंद, मऊ रबराची. लाल चिखलात उंच, विरळ नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) बरे. दाट नक्षीत माती थापून बसते आणि चाक नुसतं घसरतं. पण जांभ्यावर शेवाळ धरलं की नॉबची उंची काही कामाची नाही. तिथे रबर मऊ हवं, हवा थोडी कमी. फार कमी मात्र नको. जांभ्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात (माझी पडली, तीही भर पावसात). ट्यूब असेल तर मी हवेचा दाब 28 पीएसआयच्या खाली नेत नाही. आरे-वारेच्या पुळणीत ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरूनच चालवा. कोरडीत हे टायरही रुततात.