सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी खाली वाकून बघ

नवी गाडी घेतलीस, छान झालं. आता पहिल्या सर्व्हिसिंगला देण्याआधी दारांखाली हात घालून बघ. पत्र्याची खाली उतरलेली कड लागेल. बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे तिला खुणेच्या खाचा असतात. जॅक किंवा लिफ्टचा हात तिथेच, रबराचा ठोकळा ठेवून लागला पाहिजे. नेमकी जागा गाडीसोबतच्या पुस्तिकेत चित्रासह असते. घाईत मधेच कुठेतरी जॅक लावला की कड दुमडते.

वरून दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही. रत्नागिरी काय, मालवण काय, आपली हवा खारी. दुमडलेल्या जागी रंग आणि कोटिंग तडकलं की गंज तिथूनच धरतो. त्यात पाणी निघून जायची भोकं चेपली तर पावसाळाभर ओल पत्र्याच्या पोटात राहते. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्लेला असतो.

म्हणून देताना कडांचे फोटो काढ, सर्व्हिस सेंटरच्या माणसासमोरच. परत घेताना पैसे भरायच्या आधी पुन्हा वाक. दुमडलेली दिसली तर तिथल्या तिथे जॉबकार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद असते त्या कागदावर, लिहून घे. नुसती ठोकून सरळ करून देतील, पण प्रायमर आणि कोटिंग मारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नकोस.