भीमाशंकरला दिसलेला विटकरी रंगाचा मोठा पतंग ॲटलस आहे का? पुण्याच्या आसपास तो कुठे सापडतो?

भीमाशंकरला दिव्याखाली बसलेला, तळहातापेक्षा मोठा, विटकरी रंगाचा, चारही पंखांवर एकेक गोल ‘डोळा’ असलेला पतंग, आणि फोटोवरून ओळख सांगणारं ॲप म्हणतं ॲटलस. तुमच्या वर्णनावरून हा ॲटलस नाही. हा टसर रेशमाचा पतंग, अँथेरिया मायलिट्टा.

दोघांच्याही पंखांवर खवले नसलेली पारदर्शक जागा असते आणि ॲप नेमकं तिथेच फसतं. तिचा आकार बघा. ॲटलसची खिडकी त्रिकोणी असते आणि पुढच्या पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं वळलेलं असतं. टसरची खिडकी गोलसर, भोवती रंगीत कडं. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला राखाडी पट्टा असतो, तो मानेवरून सलग दुसऱ्या पंखावर जातो. फ्लॅश मारला तर खिडकी चमकून नुसता पांढरा ठिपका दिसतो, म्हणून टॉर्च बाजूने धरून आणखी एक फोटो काढावा. खिडकीतून मागची भिंत किंवा पान दिसायला हवं. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नका. नर बहुधा विटकरी, मादी बहुधा पिवळी किंवा राखाडी, त्यामुळे एकाच जातीच्या दोन जाती समजल्या जातात. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, मादीच्या अरुंद. तुम्ही पाहिलेला बहुतेक नर असावा.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो तो एरेबस मॅक्रॉप्स या दुसऱ्या मोठ्या पतंगाशी. तो गडद तपकिरी, घरात अंधाऱ्या कोपऱ्यात बसणारा. त्याचा मोठा डोळा फक्त पुढच्या पंखांवर असतो आणि पारदर्शक नसतो.

आता आढळ. टसर द्वीपकल्पीय भारताचा पतंग आहे: सह्याद्री, विदर्भ, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर याचीच रेशमासाठी शेती होते. ॲटलसचं म्हणाल तर अ‍ॅटॅकस ॲटलस हिमालय, ईशान्य भारत आणि पुढे आग्नेय आशियात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली त्याची भावकी म्हणजे अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस. त्यामुळे सह्याद्रीतला खराखुरा त्रिकोणी खिडकीवाला सापडला तरी नोंद डोळे झाकून ‘ॲटलस’ म्हणून करू नये.

पुण्याजवळ शोधायचा तर मुळशी, ताम्हिणी, वेल्ह्याकडे ऐन आणि अर्जुन बघत जा. अळी बोरावरही वाढते. पानगळीनंतर कोष शोधणं सगळ्यात सोपं: अंड्याएवढा, टणक, राखाडी-पिवळट, आणि फांदीला रेशमी देठाने लोंबणारा. देठाचं टोक फांदीभोवती कड्यासारखं घट्ट गुंडाळलेलं असतं, म्हणून वाऱ्यात पडत नाही. कोषाच्या एका टोकाला भोक असेल तर पतंग निघून गेलेला. बंद असेल तर कोशित (अळी आणि पतंग यांच्यामधली अवस्था) आत पावसाची वाट बघत असतो; तोडून घरी आणू नका. भीमाशंकर अभयारण्य आहे, तिथून काहीच उचलायचं नाही आणि पतंग बोलवायला रात्री दिवा-पडदा लावायलाही वनखात्याची परवानगी लागते.

नोंद करताना तारीख, जागा, उंची आणि जवळचं झाड लिहा. लोकांनी केलेल्या नोंदींच्या नकाशावर लोणावळा-मुळशीत ठिपक्यांची गर्दी दिसते, कारण माणसं तिथे जातात. भोरच्या आतल्या दऱ्यांत ठिपका नाही म्हणून पतंग नाही असं धरू नका.