डोक्यावर दिवा, पायावर पाणी

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते. गेल्या आषाढात मैत्रिणीचा सिकंदराबादला इंटरव्ह्यू होता म्हणून सोबत गेले होते. सोमवारी इंटरव्ह्यू, रविवार मोकळा, म्हणून सकाळीच रिक्षानं बाहेर पडलो, तर रिक्षावाल्यानं मधेच उतरवलं, रस्ता बंद म्हणाला. पुढे बघतो तर शेकडो बायका, भारी साड्या, डोक्यावर हळद लावलेली मडकी, त्याला कडुलिंब बांधलेला आणि वर चक्क पेटता दिवा. लोक त्यांच्या पायावर पाणी ओतत होते. मग एक उघडाबंब माणूस आला, अंगभर हळद, हातात आसूड, पायात घुंगरू, आणि मी मैत्रिणीला म्हटलं अगं हा तर आपला पोतराज! ती म्हणाली वेडी आहेस का, तो आपल्याकडचा, इथे कुठून येईल. एका बाईच्या अंगात आलं होतं, तिचा मैत्रिणीनं अगदी जवळून व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकला. त्यावरून आमचं भांडण झालं, अजून नीट बोलत नाही आम्ही. एका आजींनी मला कुंकू लावून कडुलिंबाचा डहाळा दिला, तो वाळलाय पण टाकवत नाही. हे सगळं काय होतं, आणि मी म्हणाले ते चूक होतं का?

उत्तर : अजिबात चूक नव्हतं, तुझ्या डोळ्यांनी बरोबर ओळखलं, आणि खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला.

तुम्ही बघितलात तो बोनालु. तेलंगणात आषाढात हैदराबाद-सिकंदराबादला होतो, सुरुवात गोवळकोंड्याच्या किल्ल्यावरच्या देवीपासून, मग पुढच्या एका रविवारी सिकंदराबादची उज्जैनी महांकाळी, मग जुन्या शहरात लाल दरवाजा. २०१४ ला तेलंगणा वेगळं झालं तेव्हा त्याला राज्याचा सण केलं. पण सणाचं खरं मर्म त्या मडक्यात आहे. बोनम म्हणजे भोजनम, म्हणजे आपलं भोजन, जेवण. आत दूध-गूळ घालून शिजवलेला भात असतो, आणि तो बाई घरनं डोक्यावर घेऊन देवीला जेवायला घालायला निघते. आईला जेवण घेऊन चाललेली लेक, एवढंच डोळ्यासमोर आण म्हणजे तो पेटता दिवा सांभाळत चालणाऱ्या बाईची मान इतकी ताठ का होती ते कळेल.

पाणी ओतायचं कारण असं की बोनम डोक्यावर घेतलं की त्या बाईत देवीचा संचार होतो असं मानतात, आणि ही देवी तापट, म्हणून तिला शांत करायला पायावर गार पाणी. आपल्याकडे गौरी घरात आणणारीच्या पायावर उंबऱ्यात दूध-पाणी घालतात ना, तू लहानपणी नक्की बघितलं असशील. मला तर वाटतं दारात आलेल्या देवीचे पाय धुवायचे ही एकच गोष्ट दोन्हीकडे वेगवेगळ्या भाषेत चाललीय.

आता सिकंदराबादच्या बोनालुची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या पुण्याला जवळची आहे. तिथले लोक त्याला लष्कर बोनालु म्हणतात, आपण कॅम्पला लष्कर म्हणतो तसंच, ते पण इंग्रजांच्या छावणीचं गाव. १८१३ मध्ये तिकडे मोठी साथ आली, माणसं पटापटा जायला लागली, आणि त्याच वेळी तिथली एक पलटण उज्जैनला होती. त्या पलटणीतल्या सुरिटी अप्पय्या नावाच्या डोली वाहणाऱ्या माणसानं उज्जैनच्या महाकाळीला नवस केला की आमच्या गावावरची साथ जाऊ दे, तुझी मूर्ती तिकडे बसवतो. साथ ओसरली आणि १८१५ ला परत आल्यावर त्यानं मूर्ती बसवली, अशी कथा सांगतात. म्हणून नाव उज्जैनी महांकाळी. कुणी राजा नाही, सरदार नाही, एक डोली वाहणारा माणूस! मला ही गोष्ट फार प्रिय आहे.

आणि साथीचं म्हणशील तर आपली मरीआई काय वेगळी आहे? पटकी आली, देवी आल्या की गावं मरीआईकडेच धावायची, तिचा गाडा करून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची, म्हणजे साथ गावाबाहेर गेली. महिना पण तोच, आषाढ, पावसाचं पाणी गढूळ व्हायचं आणि रोगराई सुरू व्हायची ते दिवस. पुण्यात आखाडात मंगळवारी-शुक्रवारी देवीला नैवेद्य न्यायची पद्धत अजून कितीतरी घरात आहे. कडुलिंब तिकडे पण, इकडे पण. तिकडे बोनम दिल्यावर घरी पाहुण्यांना बोलावून मटणाचं जेवण होतं, आणि श्रावण लागायच्या आधी आपल्याकडे आखाड कसा साजरा होतो ते मी पुणेकरांना काय सांगू.

आता पोतराज. तिकडे त्याला पोतराजु म्हणतात, देवीचा भाऊ, मिरवणुकीत तिच्या पुढे नाचत वाट मोकळी करणारा राखणदार. तेलुगूत पोतु म्हणजे नर जनावर, दुन्नपोतु म्हणजे रेडा, आणि आपला पोतराज हा शब्द त्याच मुलखातून आला असं अभ्यासक सांगतात. म्हणजे तुझी मैत्रीण म्हणाली तो आपल्याकडचा, तिथे कुठून येईल, तर वाट उलटी आहे, तोच तिकडून आपल्याकडे आला. आपल्या पुण्यातच राहणाऱ्या इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी फिरून शेंदूर लावलेल्या अशा देव्यांची ठाणी शोधली होती, चव्हाट्यावरच्या, वेशीवरच्या, ज्यांना कुणी मोठं देऊळ बांधलं नाही त्या देव्या.

माझं लहानपण पेठेत गेलं. आखाडात पोतराज यायचा, मागे त्याची बायको, तिच्या डोक्यावर देवीचा देव्हारा. मी त्याचा आसूड एकदा अगदी जवळून बघितलाय. मुठीजवळ माझ्या मनगटाएवढा जाड आणि टोकाला निमुळता होत होत सुतळीसारखा, तेलकट काळा पडलेला. तो हवेत फिरवला की आधी नुसता सूं आवाज आणि मग दंडावर फाट, आणि दंडावर जुने वळ होते, नवे होते. मग तो पायरीवर टेकला आणि आईनं दिलेला तांब्या वर धरून तोंड न लावता पाणी प्यायला, घटाघटा, हनुवटीवरून हळद ओघळली. आई आधी त्याच्या बायकोच्या पायावर पाणी घालायची आणि मगच सुपातले तांदूळ द्यायची. शेजारची दारं मात्र घुंगरू ऐकले की बंद व्हायची. तिकडे पोतराजुला पुढे घालून सगळं शहर चालतं आणि इकडे आपण त्याला पुढच्या दारी जा म्हणतो, हे मला आजही लागतं. नवसापायी लहान पोराला देवीला सोडायचे, त्याला शाळा नाही काही नाही, ते बंद व्हायलाच पाहिजे होतं आणि ज्यांनी त्यासाठी कष्ट घेतले त्यांचे उपकारच आहेत. पण दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायला काय जातं?

व्हिडिओचं. तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस, असं काही अचानक समोर आलं की हात आपोआप फोनकडे जातो. पण ज्या बाईच्या अंगात आलंय तिला त्या क्षणी स्वतःचं भान नसतं, पदर कुठे आहे, केस कुठे आहेत, तिला काही माहीत नसतं, ती परवानगी तरी कशी देणार? तुमचा विश्वास असो नसो, तो प्रश्नच नाही. स्टेटस एका दिवसात गेलंच असेल, फोनमधून पण काढून टाकायला सांग. मिरवणूक लांबून काढा, डप्पुवाले काढा (आपल्या हलगीचा भाऊच तो), कागदाची रंगीत सजावट काढा, एकट्या बाईचा चेहरा नको. आणि सांगताना भांडणातला मुद्दा म्हणून सांगू नकोस. तिला घेऊन परत जा की पुढच्या आषाढात. या वेळी सोमवारी सकाळी पण थांबा, रंगम असतं, एक बाई कच्च्या मातीच्या घटावर उभी राहून येणाऱ्या वर्षाचं भाकीत सांगते आणि एवढी मोठी गर्दी श्वास रोखून ऐकते. मग देवीच्या घटाची मिरवणूक निघते. रस्त्याच्या कडेला उभ्या राहा, पायात साध्या चपला घाला कारण ओल्या रस्त्यावर सगळीकडे हळद-पाणी असतं, आणि पोतराजु जवळ आला तर मागे पळू नका, नुसतं बाजूला व्हा, त्याला अंतराचा अंदाज असतो.

डहाळा टाकू नकोस. पाला वाळलाय ना, मग चुरू नकोस, तसाच तांदळाच्या डब्यात ठेव, किडे होत नाहीत. आई नैवेद्याहून आणलेला कडुलिंब असाच ठेवायची.