सोयाबीन काढताना बाबांच्या डोळ्यात कुटार गेलं. पाच दिवस झाले, डोळा लालच आहे. डोळे आले असतील का?

तुम्ही लिहिलंय की थ्रेशरवर असताना बाबांच्या उजव्या डोळ्यात कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, गेलं, मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉपनं दोन दिवस लाली उतरली, आणि आता त्यांना उजेड सहन होत नाही, धुकं पडल्यासारखं दिसतं. हे डोळे येणं वाटत नाही. त्यांना आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. तोवर तो ड्रॉप टाकू नका, पण बाटली सोबत घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. सर्जन नाही. डोळे तपासणं, नंबर काढणं आणि ज्याला गरज आहे त्याला वेळेत पुढे पाठवणं हे माझं काम. सोयाबीनची सोंगणी लागली की असे कचरा लागलेल्या डोळ्यांचे पेशंट यायला लागतात, ते तूर-कापूस निघेपर्यंत येतच राहतात.

डोळे येतात तेव्हा बहुधा एका डोळ्यापासून सुरुवात होऊन एक-दोन दिवसांत दुसराही लाल होतो. पापण्या चिकटतात, खुपतं, पण घाण पुसली की नजर स्वच्छ असते. २०२३ च्या पावसाळ्यात बुलढाण्याकडे गावंच्या गावं अशी लाल डोळ्यांनी फिरत होती. तो बहुतेक वेळा विषाणूचा त्रास असतो, आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरा होतो. रुग्णाकडे नुसतं पाहिल्यानं तो लागत नाही, हातानं आणि एकाच दुपट्ट्याला तोंड पुसल्यानं लागतो. तुमच्या बाबांचं तसं नाही. एकच डोळा, आधी काहीतरी लागलेलं, दुखणं वाढतंय आणि नजर कमी होतेय. यातली कुठलीही गोष्ट दिसली की मी पेशंटला घरी पाठवत नाही.

होतं असं की कुटार, तुरीचा खुंट किंवा धानाचं कणीस बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला खरचटतं. त्या कचऱ्यावरची बुरशी जखमेत शिरते आणि सावकाश वाढते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस माणूस कामावर जात राहतो. मग काळ्या भागावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. जखम भरली तरी डाग उरतो. आपल्याकडे त्यालाच ‘फूल पडलं’ म्हणतात. फूल मधोमध पडलं तर नजर जाते, आणि मग कुणाचं नेत्रदान मिळून बुबुळ बदललं तरच काही आशा.

आता त्या ड्रॉपबद्दल. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का पाहा. नावाच्या शेवटी पुष्कळदा ‘डी’ जोडलेलं असतं. हे स्टेरॉइड. ते लाली झटक्यात उतरवतं, म्हणून घरच्यांना वाटतं गुण आला. पण ते शरीराची लढण्याची ताकद दाबतं आणि आत बुरशीला रान मोकळं होतं. डॉक्टरांनी तपासून दिलं तर हेच औषध मोलाचं आहे. न तपासता, जखम असलेल्या डोळ्यात टाकलं तर डोळा घालवतं. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागलेली एक बाई माझ्याकडे सोळाव्या दिवशी आली होती. आधी आईचं दूध, मग मध, मग असाच ड्रॉप. आता त्या डोळ्यानं तिला समोर हात हलवलेला तेवढा कळतो. ती तिसऱ्या दिवशी आली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

डॉक्टर डोळ्यात एक रंग टाकून निळ्या उजेडात पाहतील. जखम असेल तिथे हिरवं चमकतं. गरज पडली तर खरवडून नमुना घेतील. बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला टाकावे लागतात, आणि उपचार काही आठवडे चालतो. लाली गेली म्हणून मधेच सोडू नका.

पुढच्या हंगामासाठी एक सांगतो. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात गावच्या आरोग्य सेवकांनी खरचटलेल्या डोळ्यांत तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचं साधं मलम घातलं. २००१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लागल्यापासून १८ तासांच्या आत ज्या २८४ जणांना मलम मिळालं, त्यातल्या एकाच्याही डोळ्यातली जखम चिघळली नाही. म्हणजे सगळं गणित पहिल्या दिवसाचं आहे. कचरा गेला की चोळू नका, दुपट्ट्याच्या टोकानं किंवा जिभेनं काढून घेऊ नका. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. थ्रेशरवर साधा प्लॅस्टिकचा गॉगल घातला तरी पुष्कळ डोळे वाचतील.

फवारणीचं औषध, चुना किंवा रुईचा चीक गेला तर मात्र आधी तिथेच, वावरातच, किमान पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार सोडा आणि मगच गाडी काढा. चुना आत आत जाळत जातो. रुईच्या चिकानं तर फारसं दुखतही नाही, फक्त धूसर दिसतं, त्यामुळे लोक फसतात.

आजीला धूसर दिसतं, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. न दुखता, लाल न होता, वर्षभरात हळूहळू धूसर झालं असेल तर तो मोतीबिंदू असू शकतो. त्यावर थेंब नाहीत, शस्त्रक्रियाच, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. ‘पिकू द्या’ म्हणून थांबू नका. जास्त पिकला तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. आणि कधी एक डोळा लाल होऊन डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, तर पित्त समजून झोपवू नका. तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात.

पण आधी बाबा. ओपीडी संपली असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात न्या. तिथे ‘डोळा लाल आहे’ एवढंच सांगू नका. ‘कुटार लागलं, पाच दिवस झाले, नजर कमी झाली, हा ड्रॉप टाकला’ असं सांगा आणि बाटली पुढे करा.