आधी परतीची गाडी विचार

‘डबल बेल’ : प्रवासाचे प्रश्न तुमचे, उत्तरं एका निवृत्त एसटी वाहकाची

प्रश्न : काका, नमस्कार. माझं गाव हिंगणघाट तालुक्यात, हायवेच्या फाट्यापासून सहा किलोमीटर आत. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. आता साहेबांनी सांगितलंय, महिन्यातून चार दिवस नागपूरला शंकरनगरात सगळ्यांनी एकत्र बसायचं, साडेदहा ते सहा. बाबा म्हणतात स्कूटी घे. आई म्हणते हायवेवर स्कूटी नकोच. खोली करून राहणं परवडत नाही. स्वतःची गाडी न घेता जमेल का? आणि दहा वाजताचा रोजचा कॉल बसमधून घेता येईल का?

उत्तर : बेटा, आई बरोबर बोलून राहिली. हायवेवर जाम गावापासून बुटीबोरीपर्यंत त्या ट्रकांच्या मधात मी तीस वर्षं घंटी ओढली. तिथं स्कूटी घालू नको.

जमेल. पण तुझ्या पत्रात सगळं सकाळचं आहे, संध्याकाळचं एक अक्षर नाही. नवीन माणूस चौकशीच्या खिडकीवर जायची गाडी विचारतो आणि निघून जातो. सकाळी उशीर झाला तर फार तर साहेब तोंड वाकडं करतील. संध्याकाळी तू फाट्यावर उतरलीस आणि शेवटची काळी-पिवळी निघून गेली असली, तर हिवाळ्यात ते सहा किलोमीटर कसे जाणार? म्हणून उलटं मोज. फाट्यावरून गावात जाणारं शेवटचं वाहन किती वाजता सुटतं ते आधी विचार. त्याच्या अर्धा तास आधी फाट्यावर पोचवणारी नागपूरची गाडी कोणती, ते बघ. ती गाठायला शंकरनगर कधी सोडावं लागेल, ते काढ. सहा वाजेपर्यंत बसणं जमणार नाही असं निघालं, तर पहिल्याच दिवशी साहेबांना सांगून टाक : साडेचारला ऑफिसातून उठते, राहिलेलं काम रात्री घरून करते. माझी धाकटी हेच काम करते. ती म्हणते, काम झाल्याशी मतलब, साहेब लोक ऐकतात. फक्त आधी सांगावं लागतं.

आता सकाळ. तुझ्या गावात मुक्कामी गाडी येत असेल, तर तीच धर. पहाटे निघते, भरलेली नसते, आणि चालक-वाहक रात्रभर गावातच झोपलेले असतात, त्यामुळे ती आलीच नाही असं सहसा होत नाही. ती तुला नागपूरच्या उलट्या दिशेला, हिंगणघाटला नेईल. नेऊ दे. आगारातून बसलीस तर जागा मिळते. फाट्यावर हात दाखवत उभी राहिलीस तर जलद गाडी थांबेलच असं नाही, आणि थांबलीच तर बुटीबोरीपर्यंत दांडा धरून उभं राहायचं.

नागपुरात गणेशपेठेच्या स्टँडपर्यंत बसून राहू नको. ऑफिसच्या वेळेला वर्धा रोडवर शेवटचा टप्पा गाडी रांगत जाते. खापरीला उतरून मेट्रो घे. पण बसल्याबरोबर, तिकीट फाडायच्या आधी वाहकाला विचार, ‘खापरीला उतरवता का?’ तो नाही म्हणाला आणि तू पुढं छत्रपती चौकात उतरून मेट्रो धरायच्या भरवशावर राहिलीस, तर आणखी एक गोष्ट पाहा. विमानतळापासून अजनीपर्यंत तो तीन मजली प्रकार आहे : खाली जुना रस्ता, मधात 3.14 किलोमीटरचा उड्डाणपूल, डोक्यावर मेट्रो. गाडी मधल्या मजल्यावर चढली की छत्रपती चौक तुझ्या पायाखालून निघून जातो. चालक कुठून नेणार, तेही विचारून ठेव. वाहक चिडत नाही, चिडला तरी सांगतो.

खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मेट्रो. सीताबर्डीला उतरून दुसरी लाइन, लोकमान्य नगरकडे जाणारी. झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, आणि तिसरं स्टेशन शंकरनगर. सीताबर्डीला गर्दीच्या मागं जाऊ नको, पाटी वाच. हे मी सांगतोय खरा, पण 2022 च्या डिसेंबरात प्रजापती नगरची लाइन सुरू झाल्यावर मी कौतुकानं मेट्रोत बसलो. जायचं होतं सुभाषनगरला, पोरीकडे, आणि पोचलो थेट प्रजापती नगरला. जन्मभर लोकांना ‘पाटी वाचून चढा’ म्हणून ओरडलो, आणि स्वतःच उलटा गेलो. पोरगी अजून सांगत सुटते.

परतताना सकाळचा रस्ता उलटा धरू नको. संध्याकाळच्या गाड्या गणेशपेठेतच भरतात. छत्रपती चौकात तुला भरलेली गाडी दिसेल, नाहीतर पुलावरून गेलेली दिसणारच नाही. शंकरनगरहून प्रजापती नगरची मेट्रो घे. सीताबर्डीला बदलायची गरज नाही, बसून राहा, पुढच्याच कॉटन मार्केटला उतर. तिथून ऑटोनं गणेशपेठ. स्टँडवरून बस सुटायच्या पंधरा मिनिटं आधी फलाटावर उभी राहा.

दहाचा कॉल बसमधून घेऊ नको. साध्या गाडीच्या काचा वाजतात ते तुझ्या साहेबांना पुण्यात ऐकू येईल, आणि नेटवर्क मधातच जातं. आणि बाजूच्या बाईला तुझ्या कंपनीचं काय सुरू आहे ते कशाला कळायला हवं? मुक्कामी गाडीनं निघालीस तर दहाच्या आत शंकरनगरात असशील. उशीर झालाच तर मेट्रोत कानात वायर घालून नुसतं ऐक.

लॅपटॉप वरच्या रॅकवर ठेवू नको, मांडीवर ठेव. पावसाळ्यात खिडकीची जागा टाळ, ते रबर कधी बदललेलं असेल सांगता येत नाही.

पैशाचं थोडक्यात : 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते मागून घे. मासिक पास काढू नको. त्यात वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस फिरता येतं, तू जाणार चार दिवस.

रेल्वेचंही बघून ठेव. हिंगणघाटहून सेवाग्राममार्गे अजनीला थांबणारी गाडी तुझ्या वेळेला असली, तर अजनीजवळच काँग्रेसनगरचं मेट्रो स्टेशन आहे. तिथली मेट्रोही सीताबर्डीलाच नेते.

प्रश्न : माझे वडील 77 वर्षांचे आहेत. एसटीत त्यांना तिकीट लागत नाही. नागपूरच्या मेट्रोतही ते चालेल का? (एक वाचक, समुद्रपूर तालुका)

उत्तर : नाही. 75 च्या वरच्यांना मोफत, ही सवलत एसटीची, एसटीतच चालते. मेट्रोचं तिकीट काढा. आणि एसटीत वाहक शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते आबांच्या खिशात शेवटपर्यंत राहू द्या. फुकटचंच आहे म्हणून खिडकीतून फेकतात, मग तपासनीस चढला की पंचाईत वाहकाची होते. आधार कार्डही सोबत द्या.