१८३१ची मेक्सिकन सनद आणि तुमचा इसार

तुम्ही ह्यूस्टनला राहता, टेक्सासमधल्याच गोन्झालेसजवळ १० एकर जमीन घेताय, इसारही दिलाय. टायटल रिपोर्टमधला (जमिनीच्या मालकीच्या इतिहासाचा अहवाल) पहिला दस्त १८३१ची स्पॅनिशमधली मेक्सिकन सनद, घेणारा अमेरिकन. मेहुणे म्हणतात, १८३०मध्ये मेक्सिकोने (टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं) अमेरिकनांना तिथे वस्तीची बंदी केली होती, तेव्हा सनद बोगस, व्यवहार सोडा.

सोडू नका. मेहुण्यांनी कायदा वाचलाय, पण अर्धा. ६ एप्रिल १८३०च्या कायद्याच्या ११व्या कलमाने शेजारच्या देशातल्या लोकांना सीमेलगत वस्तीची मनाई केली आणि वसाहती वसवण्याचे अपुरे राहिलेले करार थांबवले. वसाहतींचे ठेके घेतलेल्या स्टीफन ऑस्टिन आणि ग्रीन डेविट या अमेरिकनांनी मात्र पुरेशी कुटुंबं आधीच वसवली होती, म्हणून त्यांच्या वसाहती सुटल्या. गोन्झालेस डेविटच्या वसाहतीतलं. १८३१ला तिथे सनदा देणारे कमिशनर होसे अँतोनियो नावारो. पुढे १८३६ला टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही आहे!

मुळात टेक्सास आणि मेक्सिकोचं भांडण अशा सनदांवरून नव्हतंच. १८२९ला मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली; टेक्सासला लगेच सूट मिळाली, तरी वसाहतवाल्यांची धास्ती गेली नाही. कामाचे करार लिहून ते गुलामच आणत (कराराच्या कागदावर काय काय खपतं, हे आम्हा वकिलांना विचारा). जकातीची सवलत संपली आणि १८३२ला आनावाक बंदरात दंगा झाला. टेक्सास कोआविला राज्याला जोडलेलं, त्याची राजधानी दूर साल्तीयोला, म्हणून टेक्सासला वेगळं राज्य हवं होतं. ती मागणी घेऊन ऑस्टिन मेक्सिको सिटीला गेला आणि परतताना जानेवारी १८३४मध्ये अटकेत पडला. पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना याच्या राजवटीने १८२४ची संघराज्याची घटनाच मोडीत काढली. १८३१ला गोन्झालेसला दिलेली तोफ सरकारने परत मागितली, तेव्हा २ ऑक्टोबर १८३५ला तिथेच टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली.

टेक्सासच्या नव्या प्रजासत्ताकाने १८३४-३५च्या काही अवाढव्य सट्टेबाज सनदा रद्द केल्या. तुमची त्यांतली नाही.

खरी काळजी वेगळी. कुटुंबवाल्याला तेव्हा एक लीग, म्हणजे ४,४२८ एकर मिळत. तुमचे १० त्यातला तुकडा, आणि घोळ असलाच तर मधल्या वाटण्यांत असतो. सनदेची प्रमाणित प्रत आणि भाषांतर ऑस्टिन शहरातल्या जनरल लँड ऑफिसकडून (राज्याचं जमीन दफ्तर) मागवा. टायटल विमा (मालकीत दोष निघाला तर भरपाई देणारा) घ्याच. आणि विकणाऱ्याला लेखी विचारा : जमिनीखालच्या तेल-वायूचे हक्क आधीच्या कुणी राखून ठेवलेत का? त्याचं उत्तर हाती येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.